‘हे असं का केलंय?’ : तंत्रज्ञान कंपन्यांत ज्ञान व्यवस्थापन आणि धोरणात्मक नियोजनाच्या कामाला लागताना

नोकरीला लागून मला दोन वर्षं झाली होती. आमच्या टीमकडे एका परदेशी क्लायंटची रात्रीची बॅच, म्हणजे रात्री आपोआप चालणारा प्रोग्राम होता. ती मध्येच चाळीस मिनिटं थांबायची आणि मग पुढे जायची. कोडमध्ये त्या थांब्याविषयी एक ओळही लिहिलेली नव्हती. बॅच लवकर संपवा अशी मागणी आली, तेव्हा आम्ही सगळ्यात आधी तो थांबा काढून टाकला. तीन आठवडे सुरळीत गेले, शाबासकीची मेलसुद्धा आली. महिनाअखेरीला मात्र हिशेब जुळेनात. तीन रात्री आम्ही ऑफिसात काढल्या. चौथ्या दिवशी कुणाला तरी आठवलं की ही बॅच लिहिणारा माणूस नोकरी सोडून गेलाय, पण त्याचा नंबर आहे. मीच फोन लावला. तो म्हणाला, “अगं, महिनाअखेरीला त्यांच्या दुसऱ्या सिस्टिमची फाइल उशिरा येते. म्हणून थांबा ठेवला होता. केटीमध्ये सांगितलं होतं की मी!” केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर, जाणाऱ्या माणसाने आपलं काम दुसऱ्याला समजावून देणं.

बोलणं पाच मिनिटांचं होतं. ते कुठेतरी पाच ओळींत लिहिलेलं असतं तर तीन रात्री वाचल्या असत्या. त्या आठवड्यापासून मी या कामाकडे ओढली गेले आणि आज पंधरा वर्षांहून जास्त काळ पुण्यात हेच करते आहे. दर वर्षी चार-पाच मुलंमुली विचारतात, “मॅडम, या क्षेत्रात यायचं तर सुरुवात कुठून करू?” त्यांना मी जे सांगते ते इथे नीट मांडते.

आधी काम काय आहे ते बघा

कंपनीत दोन प्रश्न सतत फिरत असतात. एक, आपल्याला काय येतं आणि आजवर आपण जे केलं ते का केलं? दुसरा, आता पुढे काय करायचं आणि काय सोडायचं? पहिला प्रश्न सांभाळणं म्हणजे ज्ञान व्यवस्थापन, दुसरा सांभाळणं म्हणजे धोरणात्मक नियोजन. मोठ्या कंपन्यांत हे दोन विभाग वेगळे बसतात, बऱ्याचदा वेगळ्या मजल्यांवर. माझं ठाम मत आहे की नव्या माणसाने दोन्ही एकत्र शिकावेत. मागचा निर्णय का घेतला होता हे ज्या कंपनीला आठवत नाही, ती पुढची योजना अंधारात करते. तीच चूक नव्या नावाने परत बजेटमध्ये येते. हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलंय.

नोकरी शोधताना मात्र ‘ज्ञान व्यवस्थापन’ एवढंच शोधू नका, फार कमी सापडेल. नॉलेज मॅनेजर, नॉलेज अ‍ॅनालिस्ट, नॉलेज इंजिनिअर, टेक्निकल रायटर, टॅक्सॉनॉमिस्ट (माहितीचं वर्गीकरण ठरवणारा) ही एका बाजूची पदं. स्ट्रॅटेजी अ‍ॅनालिस्ट, स्ट्रॅटेजी अँड ऑपरेशन्स, पीएमओ (प्रोजेक्ट मॅनेजमेंट ऑफिस, म्हणजे सगळ्या प्रोजेक्ट्सवर देखरेख ठेवणारा विभाग) इथला अ‍ॅनालिस्ट, मार्केट इंटेलिजन्स, चीफ ऑफ स्टाफच्या ऑफिसातलं काम ही दुसऱ्या बाजूची. पुण्यात हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, तिकडे नवी मुंबईत ऐरोली, नागपूरला मिहान इथे परदेशी कंपन्यांची जी स्वतःची केंद्रं आहेत, ज्यांना सगळे जीसीसी (ग्लोबल केपेबिलिटी सेंटर) म्हणतात, तिथे अशी पदं आवर्जून बघा. मुख्यालय एका खंडात आणि काम दुसऱ्या खंडात असलं की ‘हे कोणाला माहीत आहे?’ हा प्रश्न रोज पडतो.

पहिली पायरी: लिहिता येणारं आणि न येणारं ज्ञान वेगळं ओळखा

या कामाचा पाया इथे आहे, म्हणून इथे थोडी थांबते.

१९८०च्या दशकात ओसाकातली मात्सुशिता कंपनी घरी पाव भाजणारं यंत्र बनवत होती. पाव काही केल्या जमेना. बाहेरून करपायचा, आतून कच्चा राहायचा. अभियंत्यांनी यंत्राने मळलेल्या आणि चांगल्या बेकरने मळलेल्या कणकेचे एक्स-रे काढून तुलनासुद्धा केली, तरी हाती काही लागलं नाही. शेवटी इकुको तानाका ही सॉफ्टवेअर डेव्हलपर ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरकडे शिकायला गेली. तो कणीक ताणताना तिला एक खास पीळ देतो, हे तिथे तिच्या लक्षात आलं. बेकरने ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटतच नव्हतं. तिने ते इंजिनिअरांना शब्दांत समजावलं, यंत्राच्या आत खास कंगोरे बसवले गेले, आणि १९८७ साली ते यंत्र बाजारात आलं. इकुजिरो नोनाका या जपानी अभ्यासकाने ही हकीकत जगापुढे आणली. नंतर हिरोताका ताकेउची यांच्याबरोबर १९९५मध्ये त्यांनी अव्यक्त ज्ञान व्यक्त कसं होतं आणि परत हातात कसं मुरतं याची जी चौकट मांडली, ती आजही या विषयाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात शिकवली जाते.

या गोष्टीतलं मला सगळ्यात मोलाचं काय वाटतं? तानाका फॉर्म घेऊन गेली नाही. ‘कृपया आपली प्रक्रिया खालील रकान्यांत भरा’ असं तिने बेकरला सांगितलं असतं, तर पीळ कधीच कळला नसता. आपल्याकडे केटी म्हणून जे चालतं ते बहुतेक वेळा असंच असतं. जाणारा माणूस स्क्रीन शेअर करून बोलत राहतो, रेकॉर्डिंग चालू असतं, आणि ते रेकॉर्डिंग पुढे कुणी उघडत नाही.

दुसरं उदाहरण झेरॉक्स कंपनीचं. ज्युलियन ऑर हे मानववंशशास्त्रज्ञ झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात होते. मशिन दुरुस्त करणारे तंत्रज्ञ खरोखर कसं काम करतात हे बघायला ते त्यांच्याबरोबर फिरले. त्यांना दिसलं की अवघड बिघाड मॅन्युअलमुळे सुटत नाहीत, ते गप्पांतून सुटतात. ‘परवा त्या ऑफिसात असाच आवाज येत होता, तेव्हा मी काय केलं...’ अशा गप्पांतून. पुढे कंपनीने या युक्त्या साठवायला ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभारली. त्यात तंत्रज्ञ युक्ती लिहायचे आणि इतर तंत्रज्ञच ती तपासून मान्य करायचे. बक्षीस काय द्यावं असा प्रश्न निघाला, तेव्हा पैशापेक्षा युक्तीखाली आपलं नाव असावं हे तंत्रज्ञांना जास्त महत्त्वाचं वाटलं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दुसरी पायरी: तुम्ही जिथून आलात तेच दार उघडा

‘यासाठी कुठली डिग्री लागते?’ याचं सरळ उत्तर असं की ठरावीक डिग्री नाही. पण प्रत्येक पार्श्वभूमीचं एक दार आहे.

सपोर्टमध्ये किंवा टेस्टिंगमध्ये असाल तर तुम्ही आधीच खजिन्यावर बसलेले आहात. कोणतं टिकीट (म्हणजे नोंदवलेली तक्रार) परत परत येतं, कोणता प्रश्न आला की सगळे एकाच माणसाच्या डेस्ककडे धावतात, हे तुम्हाला माहीत असतं. तिथून सुरुवात करा. पत्रकारिता, साहित्य, भाषाशास्त्र शिकला असाल तर टेक्निकल रायटिंगमधून या. मुलाखत घेणं आणि पसरट माहितीतून नेमकं वाक्य काढणं या दोन गोष्टी तुम्हाला येत असतात, इंजिनिअरांना त्या शिकाव्या लागतात. एमबीए असाल तर पीएमओ किंवा स्ट्रॅटेजी टीमचं दार सोपं. फक्त पहिल्या वर्षी निदान काही आठवडे प्रत्यक्ष प्रोजेक्टच्या टीमबरोबर बसायला मागा. स्लाइड्सपुरतीच कंपनी पाहिलेला माणूस पुढे कच्चा राहतो.

आणि ग्रंथालयशास्त्र! या दाराविषयी मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण आपल्याकडे या पदवीला कुणी पुरेसा मान देत नाही. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवणारे एस. आर. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. लंडनला गेले असताना त्यांनी एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच त्या पट्ट्या आणि तेच ते स्क्रू, पण जोडणी बदलली की वेगळी वस्तू तयार. विषयांचंही असंच करता येईल हे त्यांच्या डोक्यात आलं, आणि १९३३मध्ये त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती आली. पुस्तकाला एकाच खणात कोंबायचं नाही, त्याचे अनेक पैलू वेगवेगळे नोंदवायचे आणि मग जोडायचे. आज तुम्ही खरेदीच्या अ‍ॅपवर रंग, माप, किंमत, ब्रँड असे वेगवेगळे फिल्टर लावता, त्यामागचा विचार हाच आहे. कंपनीच्या दस्तऐवजांना टॅग कसे द्यायचे हे ठरवताना मी आजही रंगनाथन यांच्याच वाटेने जाते: कोणतं प्रॉडक्ट, कोणता क्लायंट, कामाचा कोणता टप्पा, वाचणारा कोण. एकात एक असे सहा फोल्डर केले की सातव्या माणसाला काही सापडत नाही. पैलूंनी शोधलं की सापडतं.

ग्रंथालयशास्त्राच्या मुलांनी शाळा-कॉलेजांतल्या जागांचीच वाट बघत बसू नये. बंगळुरूचं डीआरटीसी (डॉक्युमेंटेशन रिसर्च अँड ट्रेनिंग सेंटर) हे रंगनाथन यांनीच १९६२मध्ये सुरू केलेलं केंद्र. तिथे माहितीशास्त्राचं शिक्षण मिळतं. पुणे विद्यापीठातही ग्रंथालय आणि माहितीशास्त्राचा विभाग आहे. त्याला थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि थोडं पायथॉन (प्रोग्रामिंगची भाषा) जोडा, आणि तुमचा अर्ज इतरांच्या अर्जापेक्षा उठून दिसेल.

तिसरी पायरी: सहा आठवड्यांचं स्वतःचं काम उभं करा

कोर्सच्या आधी हे करा. हातात दाखवण्यासारखं एक काम असलं की मुलाखतीत बोलायला विषय मिळतो.

एक छोटी प्रक्रिया निवडा. तुम्ही नोकरीत असाल तर टीममधली, शिकत असाल तर कॉलेजच्या फेस्टची, एखाद्या स्वयंसेवी संस्थेची, घरच्या दुकानाची स्टॉक मोजायची पद्धतसुद्धा चालेल. ते काम सगळ्यात चांगलं करणाऱ्या माणसाशेजारी दोन-तीन वेळा बसा आणि काम चालू असताना बघा. प्रश्न विचारताना ‘प्रक्रिया सांगा’ असं म्हणू नका. त्याला उत्तर छापील मिळतं. त्याऐवजी विचारा: हे शेवटचं कधी बिघडलं? तेव्हा तुम्ही सगळ्यात आधी काय बघितलं? नवा माणूस इथे हमखास काय चुकतो? नियमात आहे पण तुम्ही करत नाही असं काही आहे का, आणि का नाही करत? शेवटच्या प्रश्नाला माणसं आधी बिचकतात. त्यांना सांगा की लिहिलेलं कुणालाही देण्याआधी तुम्हाला दाखवेन, आणि तो शब्द पाळा.

मग एका पानात लिहा. त्यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात: ते पान पूर्णपणे नव्या माणसाच्या हातात द्या आणि तुम्ही गप्प बसून बघा. तो जिथे अडेल तिथे लेखन अपुरं आहे. मध्ये बोलायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी.

त्याच सहा आठवड्यांत निर्णयाची नोंद लिहायला शिका. सॉफ्टवेअरमध्ये मायकेल नायगार्ड यांनी २०११मध्ये याचा एक आटोपशीर साचा मांडला, आणि तो आता जगभर वापरला जातो. शीर्षक, स्थिती, संदर्भ, निर्णय, परिणाम एवढंच. मी त्यात एक ओळ वाढवते, ‘पुन्हा कधी तपासायचं’. आमच्या त्या बॅचची नोंद असती तर ती अशी दिसली असती:

शीर्षक: रात्रीच्या बॅचमध्ये चाळीस मिनिटांचा थांबा.
स्थिती: मान्य.
संदर्भ: महिनाअखेरीला क्लायंटच्या दुसऱ्या सिस्टिमची फाइल उशिरा येते. इतर दिवशी वेळेवर येते.
निर्णय: फाइल आली की नाही हे तपासण्याची सोय सध्या नाही, म्हणून रोजच ठरावीक वेळ थांबायचं.
परिणाम: बॅच रोज उशिरा संपेल. थांबा काढला तर महिनाअखेरीचे हिशेब चुकतील.
पुन्हा कधी तपासायचं: क्लायंट ती सिस्टिम बदलेल तेव्हा.

बघा, यात कोडचा एक शब्द नाही. कोड ‘काय’ ते सांगतोच. ‘का’ लिहिणारा कुणी नसतो, आणि ती जागा तुमची आहे.

चौथी पायरी: साधनं, पण बेतानेच

कॉन्फ्लुअन्स, शेअरपॉइंट, नोशन, गिटमध्ये ठेवलेल्या मार्कडाउन फाइली, या दस्तऐवज लिहून ठेवायच्या साधनांपैकी एक नीट वापरता आलं की पुरे. दुसरं आठवडाभरात शिकता येतं. एक्सेल मात्र पक्कं हवं आणि एसक्यूएल कामापुरतं तरी.

साधनापेक्षा पद्धत शिका. सपोर्टच्या जगात केसीएस (नॉलेज-सेंटर्ड सर्व्हिस) नावाची पद्धत आहे, १९९२पासून घडत आलेली. तिचा गाभा साधा आहे: टिकीट सोडवता सोडवताच लेख लिहायचा, नंतर वेळ मिळेल तेव्हा नव्हे. आधीचा लेख असेल तर तो वापरायचा, आणि वापरताना चूक दिसली तर तिथेच दुरुस्त करायची. ‘शुक्रवारी दुपारी सगळ्यांनी डॉक्युमेंटेशन करायचं’ असा फतवा मी तीन ठिकाणी पाहिला, टिकला कुठेच नाही. शुक्रवारी दुपारपर्यंत सोमवारचं काही आठवत नाही.

शिकायला सगळ्यात उपयोगी पण सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे शोधाची नोंद. कंपनीच्या विकीवर, म्हणजे सगळ्यांसाठी असलेल्या अंतर्गत माहितीपानांवर, शोधताना लोकांनी काय टाइप केलं आणि काहीच मिळालं नाही, ती यादी ॲडमिनकडून मागून घ्या. एकदा अशा यादीत मला दिसलं की लोक ‘लीव्ह एन्कॅशमेंट’ (उरलेल्या रजेचे पैसे) शोधत होते, आणि आमच्या पानावर तो शब्दच नव्हता. तिथे धोरणाचं अधिकृत लांबलचक नाव होतं. पानात लोकांचा शब्द घातला आणि एचआरकडे येणारे तेच ते मेल कमी झाले. लोक बोलतात तो शब्द पानात असलाच पाहिजे.

आता एआयविषयी, कारण प्रत्येक मुलाखतीत हा प्रश्न येतोच. कंपन्या आता आपल्या दस्तऐवजांवर चॅटबॉट बसवतात. प्रश्न आला की आधी दस्तऐवजांतून जुळणारे तुकडे शोधायचे आणि मग ते मॉडेलपुढे ठेवून उत्तर तयार करून घ्यायचं, या रचनेला रॅग म्हणतात. यामुळे आपलं काम संपेल अशी भीती मुलांना वाटते. मला उलटा अनुभव आला. एकाच विषयाची तीन पानं, त्यातली दोन जुनी, अशी अवस्था असेल तर माणूस शेजाऱ्याला विचारून योग्य पान ओळखतो. यंत्र जुन्या पानावरून तितक्याच ठामपणे उत्तर देतं. म्हणून प्रत्येक पानाला मालक हवा, तपासणीची तारीख हवी, आणि जुनं पान बाजूला काढायची शिस्त हवी. शिवाय कोणी काय बघावं याचे हक्क आधी नीट लावलेले हवेत. कुठल्या तरी फोल्डरात उघडी पडलेली पगाराची शीट आधी कुणाला सापडत नव्हती, चॅटबॉटला ती सहज सापडते. २०२३चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा निदान एकदा शांतपणे वाचून ठेवा.

पाचवी पायरी: नियोजनाच्या टेबलावर बसायला शिका

नव्या माणसाला पहिल्या वर्षी कुणी कंपनीचं धोरण ठरवायला बोलावत नाही. तुम्हाला मिळेल ते काम म्हणजे स्पर्धकांची माहिती काढणं, आकडे जुळवणं, बैठकीची टिपणं, वार्षिक नियोजनाच्या स्लाइड्स. हेच काम जाणीवपूर्वक केलं तर त्यातून सगळं शिकता येतं.

माझी पद्धत सांगते. मी गृहीतकांची वही ठेवते. प्रत्येक योजना काही गोष्टी धरून चालते, आणि त्या धरलेल्या गोष्टी स्लाइडवर कुठेच नसतात. बैठकीत बसून त्या टिपायच्या. उदाहरणार्थ, ‘पुढच्या वर्षी तीन क्लायंट क्लाउडवर जातील. कशावरून? दोघांनी तारीख दिलीय, तिसऱ्याचं फक्त तोंडी आहे. कधी तपासायचं? जानेवारीत.’ जानेवारी आला की शांतपणे विचारायचं, ‘ते तिसरे गेले का?’ पहिल्या वर्षी ही वही फक्त तुमची असते. दुसऱ्या वर्षी साहेब स्वतःच विचारतात, ‘मागच्या वेळी आपण काय धरलं होतं गं?’ मला टेबलावर जागा मिळाली ती या वहीमुळे.

या विचाराचं मोठं रूप बघायचं तर रॉयल डच शेलचा इतिहास वाचा. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये पिएर वॅक आणि त्यांचे सहकारी ‘तेलाचा भाव किती असेल’ याचा एकच अंदाज देत बसले नाहीत. त्यांनी वेगवेगळ्या शक्यतांच्या कथा रचून अधिकाऱ्यांपुढे ठेवल्या, तेल उत्पादक देश पुरवठा आवळतील ही शक्यताही त्यात होती. ऑक्टोबर १९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. त्या प्रसंगाचा विचार शेलच्या लोकांनी आधीच करून ठेवला होता. सरावासाठी तुम्ही छोट्या प्रमाणावर हेच करा. आपल्या प्रॉडक्टचं क्लाउडचं बिल दुप्पट झालं तर? सगळ्यात मोठा क्लायंट स्वतःचं केंद्र उघडून बसला तर? प्रत्येकावर अर्धं पान लिहा: त्याची पहिली खूण कोणती दिसेल आणि आपण पहिल्या महिन्यात काय करू.

ओकेआर (ऑब्जेक्टिव्ह्ज अँड की रिझल्ट्स, म्हणजे उद्दिष्टं आणि ती मोजायचे ठळक निकाल) हा शब्द तुमच्या कानावर येईलच. इंटेलमध्ये अँडी ग्रोव्ह यांनी ती पद्धत घडवली आणि जॉन डोअर यांनी १९९९मध्ये ती गूगलमध्ये नेली. साचा दहा मिनिटांत कळतो. कठीण असतं ते ‘या तिमाहीत काय करणार नाही’ हे लिहून घेणं.

लेखनाची सवय इथेही सोडू नका. अ‍ॅमेझॉनमध्ये जेफ बेझोस यांनी २००४मध्ये वरिष्ठांच्या बैठकींतून पॉवरपॉइंट काढून टाकलं आणि त्याजागी पूर्ण वाक्यांत लिहिलेलं टिपण आणलं. बैठकीच्या सुरुवातीला सगळे ते शांतपणे वाचतात. मुद्दे टाकताना दोन मुद्द्यांतला संबंध लपवता येतो, वाक्यात तो लिहावाच लागतो.

इंग्रजीची भीती

मराठी माध्यमातून आलेली मुलं इथे अडखळतात, म्हणून हे वेगळं सांगते. या कामात अलंकारिक इंग्रजी नको असतं. उलट तसं लिहिणाऱ्यांची पानं मला सगळ्यात जास्त कापावी लागतात. आधी गोष्ट मराठीत स्वतःला समजावून सांगा. मराठीत सांगता आली नाही तर ती अजून कळलेली नाही, परत जाऊन विचारा. सांगता आली की छोट्या इंग्रजी वाक्यांत लिहा, एका वाक्यात एक गोष्ट. सातारा-सांगलीकडून, लातूरहून आलेल्या मुलींनी असं लिहिलेली पानं आमच्या जर्मन सहकाऱ्यांना सगळ्यात जास्त आवडली आहेत, कारण इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नाही.

प्रमाणपत्रं, मोजमाप आणि अवघड दिवस

पहिल्या वर्षी महागड्या प्रमाणपत्रावर पैसे घालू नका. दोन मानकांची ओळख मात्र करून घ्या. ज्ञान व्यवस्थापनासाठी स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३०४०१, २०१८ सालचं. आणि आयएसओ ९००१च्या २०१५च्या आवृत्तीत ७.१.६ या कलमात संस्थेचं ज्ञान जपण्याची अपेक्षा थेट लिहिली आहे. तुमची कंपनी ९००१ प्रमाणित असेल तर ऑडिटच्या वेळी हे कलम तुमच्या हातातलं हत्यार आहे. ‘हे काम का करायचं’ असं विचारणाऱ्याला ते दाखवा.

मोजताना पानं मोजू नका. मी एकदा एक विकी ताब्यात घेतली, तिच्यातली जवळजवळ निम्मी पानं वर्षभरात कुणी उघडली नव्हती, आणि आधीच्या अहवालांत तिच्या आकाराचं कौतुक होतं. नव्या माणसाला पहिलं टिकीट एकट्याने सोडवायला किती दिवस लागतात, तोच बिघाड परत किती वेळा येतो, किती शोध रिकामे जातात, हे मोजा. काम सुरू करण्याआधीचा आकडा लिहून ठेवा. नंतर तो मिळत नाही.

लोक सांगायला तयार नसतात, ही तुमची रोजची अडचण असेल. ‘सगळं लिहून दिलं तर माझी गरज काय उरली?’ ही भीती खोटी नाही, विशेषतः नोकरकपातीच्या बातम्या येत असताना. तिला उपदेशाने उत्तर देऊ नका. पानावर त्यांचं नाव ठळक घाला, त्यांच्या मॅनेजरला मेल करा, अप्रायझलमध्ये ते मोजलं जाईल यासाठी भांडा. झेरॉक्सच्या तंत्रज्ञांना जे हवं होतं तेच इथल्या लोकांना हवं असतं.

आणि हेही आधीच माहीत असू द्या: खर्च कापायची वेळ आली की या विभागाकडे लवकर नजर जाते. माझ्यावर एकदा ती वेळ आली आहे. म्हणून सपोर्टच्या, डिलिव्हरीच्या, विक्रीच्या टीमपासून लांब बसू नका. ज्या टीमचं काम तुमच्यामुळे सोपं झालंय, ती टीम तुमच्यासाठी बोलते.

उद्यापासून

तुमच्या टीममध्ये कुणीतरी नुकताच राजीनामा दिला असेल. नोटीस साठ किंवा नव्वद दिवसांची असेल आणि केटी नेहमीप्रमाणे शेवटच्या आठवड्यात ठेवली जाईल. तुम्ही तोवर थांबू नका. याच आठवड्यात मॅनेजरची परवानगी घ्या, त्या सहकाऱ्याला चहाला न्या आणि एकच प्रश्न विचारा, “तुम्ही गेल्यावर पहिल्या महिन्यात कोणत्या गोष्टीसाठी तुम्हाला फोन येईल असं वाटतं?” तीन गोष्टी ते लगेच सांगतील. चौथी जरा थांबून आठवेल. त्या चार गोष्टींच्या चार नोंदी वरच्या साच्यात लिहा, त्यांना दाखवून दुरुस्त करून घ्या, खाली त्यांचं नाव घाला आणि त्यांच्या जागी येणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी द्या.